पानिपतची फौज : मिनिएचर निवडीसाठी रविवारी बैठक

सभासदहो, पानिपतच्या लढाईच्या (१४ जानेवारी १७६१) खेळासाठी मिनिएचर, म्हणजे सैनिकांचे छोटे पुतळे, ठरवायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलवर जमायचं आहे. ऑर्डर एकत्रच जाईल, कोणी परस्पर मागवू नये.

- माप २८ मिमी. पण दोन कंपन्यांचे '२८ मिमी' गडी शेजारी उभे केले की एक दुसऱ्याच्या खांद्याला लागतो! म्हणून जवळ असतील ते नमुने घेऊन या.
- इब्राहिमखान गारद्याचं पायदळ फ्रेंच पद्धतीच्या कवायतीचं. नेपोलियनच्या काळातले उंच टोपीवाले शिपाई रंग बदलून खपवायचे नाहीत.
- अब्दालीचे जंबुरक, म्हणजे उंटांवरच्या हलक्या तोफा, हव्यातच. महाग पडले तरी.

अब्दालीची बाजू कोण घेणार, तेही ठरवून या. दरवेळी सगळ्यांना भाऊच व्हायचं असतं.