आरव्हीच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला तर हिसडे मारू नका

मा. संपादक,

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत आलेले आईबाबा, सोबत एखादी मित्राची फॅमिली आणि भाड्याची आरव्ही (आत झोपायची, संडास-बाथरूमची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन यलोस्टोनला जायचं, हे आता आपले बरेच लोक करतात, पण संडासच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला तर काय करायचं हे कुणी धड सांगत नाही म्हणून लिहितोय.

हँडल निघत नसेल तर पाय रोवून ओढू नका प्लीज, केबलवाला असेल तर केबलच तुटते आणि मग बसा भरलेली टाकी घेऊन. आत 3 इंची पाइपात एक पातळ पातं सरकतं, दोन्हीकडे रबरी सील, त्या खाचेत कागद न् घाण सुकून बसते, बऱ्याचदा एवढंच असतं. कमोडमधून कोमट पाणी सोडा, उकळतं अजिबात नको, आणि रात्रभर मुरू द्या. दांड्यावर सिलिकॉन स्प्रे मारून हळूहळू मागेपुढे करा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. ग्लोव्ह्ज हवेतच, आणि टाकीतली घाण बाहेर सोडायचा होज (लवचिक पाइप) आधी घट्ट बसवा.

तरी नाही हललं तर टाकी वरून पंपाने उपसून घ्या, मगच व्हॉल्व्हचे चार बोल्ट खोला.

कॅम्पग्राउंडवर हा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवतात तिथेच खरी गडबड होते, पाणी निघून जातं आणि घट्ट सगळं मागे राहतं. टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवा, आधी ती सोडा, मग बेसिन-शॉवरची, म्हणजे होजपण धुऊन निघते.

– एक वाचक, डेन्व्हर