थीब्जहून पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर ग्रीसमधल्या थीब्जविषयी धड काही सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अथेन्सच्या वायव्येस, बिओशियाच्या सुपीक मैदानात हे गाव आहे. आजची वस्ती नेमकी कॅडमिया या जुन्या बालेकिल्ल्यावरच असल्याने सलग उत्खनन करता येत नाही. दोन इमारतींच्या मध्ये कुंपण घातलेला खड्डा दिसतो आणि त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भिंती असतात.

आई, हे नगर कसे वसले ती कथा तुला आवडेल. फिनिशियाचा (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा) राजपुत्र कॅडमस आपल्या पळवून नेलेल्या बहिणीच्या शोधात निघाला होता. डेल्फीच्या देववाणीने त्याला तो शोध सोडून एका गाईच्या मागे जाण्यास आणि ती बसेल तेथे नगर वसवण्यास सांगितले. पुढे तट बांधताना झ्यूस देवाचा पुत्र अँफिऑन याने तंतुवाद्य छेडले आणि दगड आपसूक जागेवर येऊन बसले. ज्ञानेश्वरांनी चालवलेल्या भिंतीची गोष्ट तुझ्याकडून ऐकत वाढल्यामुळे मला ती मुळीच परकी वाटली नाही. येथील राजवाड्याच्या अवशेषांत १९६३ साली निळ्या लाजवर्दाच्या दंडगोल मुद्रा सापडल्या. बोटाच्या पेराएवढ्या दगडावर देव आणि पशू कोरलेले आहेत, आणि काहींवर मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराककडची, खिळ्यांच्या आकाराची कीलाक्षरे आहेत. त्या पाहिल्यावर पूर्वेकडून आलेल्या राजपुत्राची कथा निव्वळ कल्पना वाटेनाशी होते.

बाबा, ग्रीक शोकांतिकांतला राजा ईडिपस आणि त्याची मुलगी अँटिगनी ही याच नगरीची माणसे. मात्र त्यांची जी नाटके आपल्यापर्यंत पोहोचली, ती एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या अथेन्सच्या कवींची आहेत, आणि अथेन्सचे थीब्जशी पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. बापाचा वध, भावाभावांचे युद्ध, दफनाला नकार, हे सारे अथेन्सच्या रंगभूमीवर थीब्जच्या माथी आले, याचे मला फार वाईट वाटते. म्हणूनच थीब्जचा स्वतःचा कवी पिंडार मला मोलाचा वाटतो. क्रीडास्पर्धांतील विजेत्यांसाठी रचलेली त्याची ४५ स्तोत्रे उरली आहेत. त्यांतल्या एका कुस्तीगिराच्या स्तोत्रात, ऐन विजयाच्या आनंदात तो म्हणतो की मनुष्य म्हणजे सावलीचे स्वप्न. आणि लगेच पुढे म्हणतो की देवाने दिलेले तेज उतरले की माणसांवर लख्ख प्रकाश पडतो. ही दोन्ही वाक्ये एकत्रच वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्जचा सेनापती एपामिनोंडस याने ल्यूक्ट्रा येथे अजिंक्य मानल्या जाणाऱ्या स्पार्टाचा पराभव केला, परंतु ते वैभव फार टिकले नाही. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने बंड करणारे थीब्ज जमीनदोस्त केले. सहा हजारांवर माणसे मारली गेली आणि तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. देवळांना मात्र त्याने हात लावला नाही, तसेच शंभर वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या पिंडारचे घर आणि त्याचे वंशजही सोडले. सुमारे वीस वर्षांनी मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडर याने नगर पुन्हा वसवले, तेव्हा तटाचा मोठा भाग अथेन्सच्या लोकांनी बांधून दिला.

प्रकृतीला जपावे.

तुमची,
लेक