समुद्र गरुडाला मासळी देणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

हर्णै बंदरात तंगुसात (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यात) अडकलेला समुद्र गरुड सध्या वनविभागाच्या देखरेखीखाली आहे. पंखाचं हाड शाबूत आहे, पण तंगुसाने कातडी कापली आहे. जखम भरली तरी लगेच सोडणार नाहीत. मोठ्या पिंजऱ्यात उडून पंखात बळ आलं की मगच.

बोटी लागल्यावर तारली, बांगडा, जे असेल ते ताजं द्यावं. खारवलेलं नको, मसाला लावलेलं तर नकोच (परवा कुणीतरी तळलेली तुकडी पाठवली होती!). मासळी कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावी. फोटो काढायला, मुलांना दाखवायला कुणीही जाऊ नये. पक्ष्याला माणसाची सवय लागली की बाहेर त्याचं कठीण होतं.

पुन्हा असा पक्षी दिसल्यास जाड टॉवेल टाकून डोकं झाका, नख्यांपासून स्वतःला जपा आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. रुतलेला गळ ओढू नका. लगेच वनविभागाला १९२६ वर कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार असा पक्षी परस्पर घरी ठेवता येत नाही.

तुटलेला तंगूस पाण्यात न फेकता जेटीवरच्या पिंपात टाकावा.

– सचिव