तुझंच खरं होतं

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

दीड वर्ष ना पत्र, ना फोन. चूक माझी. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. पण काल सकाळी जे सापडलं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

आबांच्या कीर्तनांची डिस्क एकाएकी कोरी दिसायला लागली. ४ टीबीची, निम्म्याहून थोडी जास्त भरलेली. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, डिस्क ठणठणीत. म्हणजे दोष आपल्या कर्नलमधल्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरचा. मग एका नव्या डिस्कवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक छोट्या कप्प्यात, त्याचाच नंबर लिहायचा आणि लगेच वाचून ताडायचा, असं रात्रभर चालवलं. सगळं जुळलं! मग सकाळी काही सुचेना म्हणून अगदी पहिला सेक्टर पुन्हा वाचला. तिथे ० हवा होता. होता ४२९४९६७२९६.

पोटात गोळाच आला. २ चा ३२ वा घात, ३२ बिटांत न मावणारा पहिलाच आकडा! आठ सेक्टरांचा एक ब्लॉक, म्हणून सेक्टर काढायला ब्लॉक नंबरला ८ ने गुणतो ना आपण, तो गुणाकार ३२ बिटांतच होत होता आणि उत्तर मग ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये जात होतं. वरचे बिट वाटेतच गळालेले. सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे २.२ टीबी ओलांडली की पुढचं सगळं डिस्कच्या सुरुवातीला, थेट पार्टिशन टेबलावर, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत त्या नोंदीवर. वाचतानाही तीच चूक, म्हणून तर ताळा जुळत होता. आता गुणण्याआधीच नंबर ६४ बिटांचा करतो. एवढीच दुरुस्ती.

ती ओळ माझी. सराफ्यात तू घसा फोडून हेच सांगत होतास आणि मी म्हणालो, "एवढी डिस्क आपल्याकडे येणार कधी?" तू तडक उठून गेलास, तुझ्या वाटचा भुट्ट्याचा कीसही मीच संपवला. पुढे ड्रायव्हर अडला की सगळे तुलाच दोष द्यायचे आणि मी गप्प बसायचो. ते फार डाचतंय रे.

दिवाळीपर्यंतची कीर्तनं दुसऱ्या डिस्कवर आहेत. आबांचं शेवटचं तेवढं नाही. पण बघ, ते सर्वांत शेवटी चढवलं होतं. म्हणजे २.२ टीबीच्या पुढे गेलं असेल, तर ते डिस्कच्या तोंडाशीच पडलेलं असणार! फाइलींची यादी गेलीय, सेक्टर चाळावे लागतील. मूळ डिस्कवर तेव्हापासून काही लिहिलेलं नाही, प्रत काढून ठेवलीय.

नवं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

दोन दिवस काढून ये. एकट्याने ती प्रत उघडायला हात धजत नाही.

तुझा,
अव्या