महिन्याचे 992 युरो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी "पैसे पुरतात ना?" असे विचारले आणि मी नेहमीप्रमाणे "हो, पुरतात" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर आई नक्की म्हणाली असेल, की ही काहीतरी लपवते आहे. तिचे खरे आहे, म्हणून सगळा हिशेब आज लिहून पाठवते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, भरलेल्या 11,904 युरोंतून मला दरमहा 992 युरो मिळतात. जर्मनीत विद्यार्थ्याला महिना काढायला एवढे लागतात असे सरकारने धरले आहे, आणि माझ्या अनुभवाने हा अंदाज चुकीचा नाही. चुकले ते माझे. पैसे दरमहा सारखे येतात म्हणजे खर्चही सारखाच येईल, असे मी धरून चालले होते.

खोली घेताना घरमालकाने तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट एकरकमी मागितले आणि मी ते मुकाट्याने भरले. इथल्या कायद्याप्रमाणे भाडेकरूला ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते, हे मला नंतर वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून कळले. नोव्हेंबरात मी तुम्हाला "सगळे व्यवस्थित आहे" असे सांगत होते, तेव्हा मी मैत्रिणीकडून उसने घेतलेल्या पैशांवर दिवस काढत होते. फेब्रुवारीत ते फेडले, पण तुमच्यापासून लपवल्याची बोच अजून आहे.

दुसरा फटका हीटिंगचा. भाड्याबरोबर त्यासाठी जी रक्कम जाते ती आगाऊ असते. प्रत्यक्ष वापराचा हिशेब वर्ष संपल्यावर होतो आणि कमी पडलेले पैसे भरावे लागतात. माझ्या खिडकीखालच्या रेडिएटरच्या बटणावर 1 ते 5 आकडे आहेत. खोली लवकर तापेल म्हणून मी ते 5 वर फिरवायचे आणि गुदमरायला लागले, की खिडकी किलकिली करायचे. खरे तर तो आकडा तापण्याचा वेग ठरवत नाही, किती तापमानाला थांबायचे ते ठरवतो. 3 वर ठेवले तर खोली साधारण 20 अंशांवर राहते. हे शिकायला मला 138 युरो मोजावे लागले.

आता पैसे जमा झाले, की आधी भाडे आणि आरोग्य विमा जातो, आणि त्याच दिवशी 90 युरो मी दुसऱ्या खात्यात टाकते. विद्यापीठाचे सहामाही शुल्क, हीटिंगचा फरक, इथे राहण्याच्या परवान्याची फी असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च त्यातूनच करायचे. रेडिओ-टीव्हीचे सक्तीचे 18.36 युरो महिन्याला घरटी असतात, त्यामुळे एका घरात राहणाऱ्या आम्हा तिघींत प्रत्येकीच्या वाट्याला 6.12 येतात. उरलेल्या रकमेचे मी आठवड्यांत भाग पाडते, कारण महिन्याच्या हिशेबात शेवटचे दहा दिवस नेहमी कोरडे जात.

विद्यार्थ्याला इथे वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते आणि मीही दोन संध्याकाळी काम करते. मात्र त्या कमाईवर भाडे अवलंबून ठेवायचे नाही असे ठरवले आहे, कारण परीक्षा जवळ आल्या की पहिली कात्री कामाच्या तासांनाच लागते.

बाबा, म्हणूनच मुदत ठेव मोडून आत्ता पैसे पाठवू नका. सप्टेंबरात परवाना वाढवताना पुढच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागेल, तेव्हा ती ठेव खरोखर लागेल. तोवर दर 1 तारखेला हिशेबाच्या वहीचे पान फोटो काढून पाठवत जाईन. आईला जिथे शंका येईल तिथे तिने मला खुशाल टोकावे.

तुमची,
लेक