मिगच्या अंगावर मार्करचे फराटे कशाला?

मा. संपादक,

शाळकरी मुलांनी केलेल्या विमानांच्या प्रतिकृतींचे फोटो आपल्या अंकात पाहिले. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हापासून पोरांना त्याचंच वेड दिसतंय. रंगकाम झकास आहे. पण पत्र्यांच्या जोडाच्या रेघा मार्करने ओढल्यात आणि तिथंच मुसळ केरात गेलंय.

1:72 च्या प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर 36 मिलिमीटरची, जवळजवळ दीड इंचाची फट. असल्या विमानात बसणार कोण? शिवाय मार्करची शाई स्पिरिटमधली. वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, फवारलं की ती सुटते आणि रेघेच्या कडेला जांभळट डाग फुटतो.

माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डावर गेली, म्हणून सांगतो. यासाठी जुनं रूलिंग पेनच हवं, दोन पोलादी पात्यांमध्ये शाई धरून रेघ ओढणारं. रेघ बारीक यावी म्हणून पात्यांमधला स्क्रू आवळायचा, शाई ड्रॉपरने आत सोडायची, पाच-सहा मिलिमीटरच्या वर नको. पात्यांच्या बाहेरून पुसून घ्यायचं, नाहीतर शाई पट्टीखाली शिरलीच म्हणून समजा. पट्टीच्या खालून, कडेपासून जरा आत, इन्सुलेशन टेपचे दोन थर चिकटवले की कड अधांतरी राहते. फुगीर अंगावर लाकडी पट्टी वाकत नाही. तिथं जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून घ्यावी, घरोघरी पडलेली असते.

चकचकीत रंगावर शाई थेंब-थेंब होऊन बसते. रंग पुरता वाळला की साबणाच्या पाण्याने पुसून वर चिमूटभर टाल्कम पावडर चोळावी आणि झटकावी. त्यानंतर बोटं लावायची नाहीत, हातात रुमाल धरायचा. आपल्या सोलापूरच्या एप्रिलात पेन क्षणात सुकतं, तेव्हा पंखा बंद आणि प्रत्येक रेघेआधी टोक कागदावर टेकवून पाहायचं. करड्या विमानावर काळीभोर शाई नको, गडद राखाडी पुरे. लॅकरचा पहिला हात लांबून, अगदी हलका.

शहरातल्या कितीतरी घरांत आणि कॉलेजांत रूलिंग पेनांच्या मखमली पेट्या धूळ खात आहेत. भंगारात घालण्यापेक्षा जवळच्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांकडे नेऊन द्याव्यात, एवढं आपण छापावं. पात्यांना गंज असेल तर आधी बारीक पॉलिश पेपर मारून द्या.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन, साखर पेठ, सोलापूर