आई, डब्यातली ती उरलेली स्ट्रिप घेऊ नकोस

प्रिय आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले की आईचा घसा परत धरलाय आणि तिने औषधांच्या डब्यातल्या मागच्या वेळी उरलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या, म्हणजे त्या अँटिबायोटिकच्या, दोन गोळ्या घेतल्यात, तेव्हापासून माझं कामात लक्षच नाहीये. फोनवर सांगायला गेले की आई "हो गं हो" म्हणते आणि विषय बदलते, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा, आणि मधले परिच्छेद गाळू नका.

आधी एक कबूल करते. जून-जुलैमध्ये माझा आवाज ऐकून तू विचारलंस ना आई, की काय झालंय, आणि मी म्हटलं ऑफिसच्या एसीने घसा बसलाय, ते खोटं होतं. मी जवळजवळ महिनाभर आजारी होते. तुम्ही दोघं काळजीने हैदराबादची गाडी पकडून आला असतात म्हणून सांगितलं नाही, ते चुकलंच माझं. पण त्या महिन्यात जे कळलं ते आता तुझ्या उपयोगाचं आहे म्हणून सगळं सांगते.

ईशानची शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात मला एकदम १०२ ताप, घसा असा की आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. सर्दी नाही, खोकला नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी, हात लावला तरी दुखायच्या. अमेय खालच्या मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊन आला, पाचशेच्या तीन गोळ्यांची स्ट्रिप. आपल्याकडे सगळे तेच करतात ना, तीन दिवस तीन गोळ्या आणि झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला, मी खूश. आठ दिवसांनी सगळं जसंच्या तसं परत. मग एका ऑनलाइन डॉक्टरांनी तीच गोळी पाच दिवस दिली, घसा बघायचा तर प्रश्नच नव्हता. पुन्हा थोडं बरं वाटलं आणि पुन्हा उलटलं. तिसऱ्या खेपेला आरशात टॉर्च मारून बघितलं तर टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, आणि त्याच सुमारास ईशान पोट दुखतंय म्हणून रडायला लागला, दोनदा उलटी झाली, दुसऱ्या दिवशी त्यालाही ताप. मला वाटलं त्याला बाहेरचं खाणं बाधलं.

तेव्हा कुठे आमच्या जवळच्या ईएनटी बाईंकडे गेलो. वयस्कर आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी दोघांचे घसे बघितले, गाठी चाचपल्या, आणि म्हणाल्या की लहान मुलांत घशाचं हे इन्फेक्शन पुष्कळदा पोटदुखी आणि उलटीनेच सुरू होतं. मग दोघांचा स्वॅब घेतला. कापसाची लांब काडी टॉन्सिलवर फिरवतात, क्षणभर उलटी येईलसं वाटतं, बस. लॅबमध्ये तो रक्त घातलेल्या आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, बशीवर लावतात आणि जंतू वाढायला एक-दोन दिवस लागतात. मी म्हटलं तोवर काहीतरी स्ट्राँग द्या ना. त्या म्हणाल्या, दोन दिवस ताप-दुखीची गोळी आणि मिठाच्या गुळण्या करा, या जंतूवर नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी हृदयाला जपता येतं, तेव्हा माहिती नसताना औषध मारण्यापेक्षा दोन दिवस थांबू.

रिपोर्ट आला. दोघांच्याही घशात स्ट्रेप्टोकोकस पायोजीनस नावाचा जंतू, त्यालाच थोडक्यात स्ट्रेप म्हणतात. खाली औषधांची यादी, एरिथ्रोमायसिनपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याच कुळातलं, त्यामुळे तेही गेलं. मी दोन वेळा जी गोळी घेतली तिचा त्या जंतूवर काही उपयोगच नव्हता! मग दोन्ही वेळा ताप कसा उतरला हे मी विचारलं. तर हा ताप औषध न घेताही तीन-चार दिवसांत आपोआप उतरतोच म्हणे. आपण श्रेय गोळीला देतो आणि जंतू आत तसाच राहतो. आई, तू काल म्हणालीस ना, "मागच्या वेळी मला हीच लागू पडली होती", मला तेव्हा हेच आठवलं.

आणि बाबा, पुढचं तुमच्यासाठी. त्या यादीत पेनिसिलिनपुढे एस होतं, सेन्सिटिव्ह. बाई म्हणाल्या की ऐंशी वर्षं झाली पेनिसिलिन वापरात येऊन, बाकी कितीतरी जंतू निगरगट्ट झाले, पण पेनिसिलिनला अजिबात न जुमानणारा असा घशातला हा स्ट्रेप आजवर पेशंटमध्ये सापडलेला नाही. मला एकदम पिंपरीच्या क्वार्टर्स आठवल्या. तुम्ही नाइट शिफ्ट करून यायचात, शर्टाला फर्मेंटेशनचा तो वास, आणि आई बादलीत शर्ट वेगळा भिजवायची. तुमचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा जन्म एकाच साली, १९५४ चा, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी क्लिनिकमध्ये मी त्या बाईंना अभिमानाने सांगितलं की माझ्या बाबांनी आयुष्यभर पेनिसिलिन बनवलंय, आणि त्या हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघून हसल्या.

त्यांनी मग अमॉक्सिसिलिन दिलं, पेनिसिलिनच्याच घरातलं. आधी नीट विचारलं की पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, कधी अंगावर पुरळ, ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं असं काही झालंय का. मला पाचशेची गोळी दिवसातून दोनदा, ईशानला वजनाप्रमाणे सिरप, आणि दोघांनाही पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मी इडली खाल्ली, सहाव्या दिवशी ईशान घरभर पळत होता, आणि तेव्हाच खरी परीक्षा असते कारण हातात गोळी घेतली की वाटतं आता कशाला. मी मोबाईलला अलार्म लावून दहाचे दहा दिवस पूर्ण केले. टूथब्रश बदलले, पाण्याचे ग्लास वेगळे केले. त्या म्हणाल्या, तुम्ही एकट्याच बऱ्या झाला असतात तर मुलाकडून परत आलं असतं, एका घरात हे असं फिरत राहतं. नंतर पुन्हा स्वॅब करायची गरज नाही म्हणाल्या, त्रास नसेल तर.

आता हृदयाचं का म्हणाल्या ते तुम्हाला मी सांगायला नको. आई, आपली मावशी. तू सांगायचीस ना की ती दहा वर्षांची असताना तिचा घसा दुखला आणि घरी हळद-दूध देऊन सोडून दिला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट, आणि सगळे म्हणत होते वाढत्या अंगाची दुखणी आहेत. पहिल्या बाळंतपणात धाप लागली तेव्हा कळलं की वॉल्व आकसलाय. घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं, त्याचा तो परिणाम. मी लहानपणी तुझ्याबरोबर तिला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शनला घेऊन जायचे, ती दोन दिवस लंगडायची. ते पण पेनिसिलिनच होतं, आणि तू तिला सांगायचीस की घाबरू नको, हे भावजींच्या कंपनीतलं आहे. ईशानला ताप आला त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर मावशीच होती, मी त्याचे गुडघे दर तासाला चाचपून बघत होते.

एक गोष्ट वाचून मी रात्रभर झोपले नाही ती पण सांगते. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग, त्यांनी १९४५ ला नोबेल घेताना जे भाषण केलं त्यात एक काल्पनिक गोष्ट आहे. एका माणसाचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणून अपुरं घेतो, जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग त्याच्या बायकोला त्याच जंतूचा न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती जाते. बाबा, घसाच दुखत होता त्याचा! औषध बाजारात येतंय न येतंय तोवर त्या माणसाने हे सांगून ठेवलं होतं, आणि माझ्या घरी स्ट्रिप मेडिकलमधून तशीच आली, चिठ्ठी न मागता. त्या पाकिटावर उभी लाल रेघ असते बघा, ती डॉक्टरांशिवाय घेऊ नका म्हणूनच छापलेली असते.

आता आई, तुझं. मी बाईंना तुझी सगळी लक्षणं सांगितली. तुला नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय आणि ताप नाही. त्या म्हणाल्या, हे ऐकून तर व्हायरल वाटतंय, म्हणजे कुठलंच अँटिबायोटिक लागत नाही, आणि तुझ्या वयात स्ट्रेप तसा कमीच दिसतो. शिवाय काहींच्या घशात हा जंतू नुसता बसून असतो, त्रास देत नाही, आणि साध्या सर्दीत स्वॅब केला तर रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो, म्हणून कोणाचा स्वॅब करायचा हेही घसा बघूनच ठरवायचं. पण तुझा आवाज बसून आता तीन आठवडे होत आले ना? तेवढ्याने मात्र दुर्बीण घालून स्वरयंत्र बघून घ्यायला हवं, कधीकधी नुसत्या अ‍ॅसिडिटीनेही असं होतं, पण बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनने काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, तुझ्यासारखं ज्यांचं मागे ईसीजीत काही निघालंय त्यांनी तर ते मनाने अजिबात घ्यायचं नाही. हे मला माहीत असतं तर गेल्या दिवाळीतच मी तो डबा रिकामा केला असता.

मिठाच्या गुळण्या कर, जेष्ठमध चघळ, गरम पाणी पी, त्याने घशाला आराम पडतो, त्याला माझी काही ना नाही. फक्त बाबा, तुम्ही लक्ष ठेवा: तिला तोंड उघडता येईना, एकाच बाजूला खूप दुखायला लागलं, लाळ गिळता येईना किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर माझ्या फोनची वाट न बघता रिक्षा करून सरळ हॉस्पिटलला जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. टॉन्सिलमागे पू झाला की असं होतं.

चिंचवडला ईएनटीची गुरुवारी सकाळी साडेअकराची वेळ घेतलीय. बाबा, आईची फाईल, जुना ईसीजी, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आणि ती उरलेली स्ट्रिपसुद्धा बरोबर न्या, म्हणजे तिने नक्की किती आणि कधी घेतल्या ते डॉक्टरांना दाखवता येईल. आत गेल्यावर मला व्हिडिओ कॉल लावा, मी मीटिंग ठेवलेली नाहीये. ईशान म्हणतोय आजीला सांग की काडी घातली तरी रडायचं नाही, तो फक्त थोडासाच रडला होता.

तुमची,
सोनू